घडीतलं नाव

रोज सकाळी नीलिमा दुकानाचं शटर अर्धंच वर करायची. वाकून आत जायची, खिळ्यावरचा पांढरा दुपट्टा काढायची, झटकून पूर्ण उघडायची आणि पुन्हा त्याची घडी घालायची. आधी लांबीत एक दुमड, मग आडव्या तीन. छापलेलं टोक आत गेलं की त्यावर एकदा तळहात दाबायची, घडी काउंटरवर ठेवायची आणि मगच शटर वर जायचं. संध्याकाळी दुपट्टा परत खिळ्यावर. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला वाटे, बाई धूळ झटकतात. तिनं त्याचा गैरसमज कधी दूर केला नाही. पुरुषांचे गैरसमज दूर करत बसली असती तर तिच्या हातून दुसरं कामच झालं नसतं.

दुकान मंगरूळपीरला, एसटी स्टँडकडून दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पाटीवर नाव 'धम्मपाल आर्ट्स'. धम्मपाल म्हणजे तिचा नवरा, एसटीत वाहक. वीस वर्षांत त्यानं पट्टी धरूनसुद्धा एक सरळ रेघ ओढलेली नव्हती. पण ड्यूटी सुटली की तो येऊन काउंटरमागच्या गोल फिरत्या खुर्चीत बसायचा आणि गावातले दुकानदार त्याच्याशी कामाचं बोलायचे. नीलिमा मागच्या खोलीत, कोपरापर्यंत शाईत. दिवसा कोणी आलंच तर दारातून विचारायचं, मालक कुठी हायेत. ड्यूटीवर, असं ती सांगायची. मंग संध्याकाळी येतो, असं म्हणून माणूस निघून जायचा. ज्या हातांनी त्याचं काम होणार होतं ते हात त्याच्यासमोर रंगलेले असायचे, पण ते त्याला दिसत नसत.

तिचं काम म्हणजे दुकानदार आपल्या गिऱ्हाइकांना फुकट वाटतात त्या वस्तू. टोप्या, किल्ल्यांचे छल्ले, खिशातल्या डायऱ्या, पाकिटं, बॅटऱ्या, दुपट्टे. खत-बियाण्याची दुकानं, सिमेंट, रंग, टायर, मोटारपंप. या दुकानांची गिऱ्हाइकं पुरुष. वस्तू घरात कोणीही वापरो, दुकानात पुढे होऊन बोलणारा पुरुषच. त्यामुळे पुरुषाला काय आवडेल याचा विचार करण्यात नीलिमाचं निम्मं आयुष्य गेलं होतं, आणि त्या विचारातून तिच्या मनात पुरुषांबद्दल जो आदर शिल्लक राहिला होता तो एका किल्लीच्या छल्ल्यात मावला असता.

तिनं पाहिलं होतं ते असं. एका सिमेंटवाल्यानं खिशातले कंगवे वाटले, तेव्हा सगळ्यात आधी हात पुढे केले ते टकल्यांनी. एका रंगाच्या दुकानानं बाटली उघडायची सोय असलेले छल्ले काढले. शाळेतल्या एका गुरुजींनी तीन मागून नेले आणि तिन्ही 'पाहुण्यांसाठी' म्हणून सांगितले. पाकिटं वाटली तर माणसं आधी आतले कप्पे मोजत. मग त्यात ठेवायला काही नाही हे आठवून पाकीट घरी बाईकडे देत, आणि बाई त्यात रेशनकार्ड ठेवी. पुरुषाला फुकट वस्तू हवी असते, पण ती फुकट मिळाली हे कोणाला कळायला नको असतं, हे नीलिमाला पहिल्या पाच वर्षांतच कळलं. वस्तू देताना दुकानदारानं ती जवळजवळ लपवून द्यावी लागते. 'खास तुमच्यासाठी ठेवली' असं म्हणावं लागतं. हे वाक्य एका दिवसात दोनशे जणांना सांगितलं तरी चालतं. प्रत्येकाला ते पटतं.

तंबाखू-चुन्याची डबी तिनं मात्र कधी केली नाही. पुरुष आयुष्यात हरवत नाही अशी ती एकच वस्तू, हे तिला ठाऊक होतं. कोणी मागितली तर ती म्हणे, डबीवर छपाई बसत नाही. बसत होती. तंबाखूनं गेलेल्या तिच्या बापाची डबी अजून घरात फळीवर होती, आणि तिच्यावरचं एका कापूस जिनिंगचं नाव अजूनही वाचता येत होतं.

घडीचं गुपित तिला जऊळक्याला एका लग्नात सापडलं. शेजारच्या बाईच्या भाच्याचं लग्न होतं. टोपी-दुपट्ट्याचे आहेर सुरू झाले. आपल्याकडे लग्न असो, तेरवी असो, वास्तू असो, मानाच्या पुरुषाला बसवायचं, डोक्यावर टोपी ठेवायची, हातात दुपट्ट्याची घडी द्यायची. त्यानं ती मांडीवर घ्यायची, फोटो काढायचा आणि घरी नेऊन कपाटात टाकायची. पुढच्या लग्नात तीच घडी त्यानं दुसऱ्याला द्यायची. घडी उघडायची चाल नाही; उघडून पाहणारा हावरट दिसतो. नीलिमा मांडवात बसून बघत होती, तर नवरदेवाच्या मामाच्या मांडीवर आलेल्या घडीच्या कोपऱ्यात तिला तिळाएवढा निळा ठिपका दिसला. तो तिचाच ठिपका. छपाईची फ्रेम कापडावर सरळ बसावी म्हणून ती प्रत्येक दुपट्ट्याच्या कोपऱ्यात तो ठेवायची. दुपट्टा मंगरूळपीरच्या फुलचंदच्या फवारणी पंपांच्या दुकानाचा होता. गेल्या वर्षी त्यानं गिऱ्हाइकांना वाटलेला. ज्याला मिळाला त्यानं न उघडता आहेरात दिला होता. जेवणं उरकली आणि चार वाजता त्याच मामानं तीच घडी नवरीच्या चुलत्याला दिली. एका दिवसात दुपट्टा दोन मानकरी करून आला.

लग्नाहून परतताना रेल्वेच्या फलाटावर ती एकटीच हसली होती. सगळी माणसं एकमेकांना एकच दुपट्टा देऊन राह्यली आणि सगळ्यांचा मान होऊन राह्यला. मग ती गाडीत बसून विचार करत राहिली. दुपट्टा फिरला, कारण तिनं नाव लहान छापलं होतं आणि ते योगायोगानं घडीच्या आत गेलं होतं. नाव बाहेर दिसलं असतं तर तो आहेरात चालला नसता. फुकटचा आहे हे कळलं असतं. नाव नसतंच, तर फुलचंदच्या काय कामाचं. तेव्हा नाव हवं, पण आत. दहा घरं फिरून शेवटी कोणीतरी दुपट्टा उघडेल, गळ्यात टाकेल, घाम पुसायला टोक हातात घेईल, आणि तेव्हा वाचेल.

तेव्हापासून फुलचंदचे सगळे दुपट्टे तिनं तसेच केले. पांढरं जाडसर कापड, टोकापासून वीतभर वर, बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत दुकानाचं नाव आणि पत्ता. घडी ती स्वतः घालून द्यायची आणि सांगायची, घडी मोडू नका, तशीच द्या. एकदा फुलचंद कौतुकानं सांगत होता की केनवडहून कोणी माणूस पत्ता शोधत आला, पाच वर्षांत आपलं नाव रिसोड तालुक्यात पोचलं. ही आपली पुण्याई, असं त्याचं म्हणणं. गोल खुर्चीतला धम्मपाल म्हणाला, डिझाईनच तसं काढलं ना आमी. नीलिमा मागे फ्रेम धूत होती. पाणी जोरात सोडलं की बाहेरचं ऐकू येत नसे, म्हणून तिनं ते जोरात सोडलं.

गेल्या वर्षी फुलचंदनं वाशीम रोडला मोठं शोरूम घेतलं. काचेची दारं, आत फवारणी पंपांच्या रांगा, वर कंपनीची पाटी. कंपनीचं नाव वज्रबाहू. दसऱ्याला उद्घाटन ठरलं, आणि बाराशे माणसांना द्यायच्या भेटीसाठी कंपनीनं पुण्याहून आपला माणूस पाठवला. त्याचं नाव धीरज. तिशीतला, छातीला घट्ट बसणारा शर्ट, हातात टॅब. फुलचंद त्याला संध्याकाळी घेऊन आला, म्हणजे मालक असण्याच्या वेळी.

धीरजनं टॅबवर चित्रं दाखवली. मेल कस्टमर म्हणजे काय ते त्यानं धम्मपालला समजावून सांगितलं. त्याला ताकद हवी असते, रुबाब हवा असतो, आपण कोणीतरी आहोत असं वाटायला हवं असतं. म्हणून काळा दुपट्टा. त्यावर मधोमध हातभर लांबीची पिवळी मिशी, पीळ दिलेली. मिशीच्या वर 'वज्रबाहू', खाली 'फुलचंद', आणि दोन्ही टोकांना 'मर्दाची निवड'. नाव वीस फुटांवरून वाचता आलं पाहिजे, हा कंपनीचा नियम. मिशीचं चित्र त्यानं पुण्यात तीन लोकांकडून काढून घेतलं होतं आणि तिन्हीतली सगळ्यात जाड मिशी निवडली होती. त्याला स्वतःला मिशी नव्हती.

नीलिमा हात पुसत बाहेर आली. टॅब बघितला. मग फुलचंदकडे न बघता धीरजलाच म्हणाली, "साहेब, हा दुपट्टा कोणी कोणाले देऊ शकत नाई."

"द्यायचा कशाला, मॅडम? वापरायचा आहे."

आता तिनं फुलचंदकडे बघितलं. फुलचंद बोलेल असं तिला वाटलं होतं. फुलचंदला सगळं माहीत होतं. त्याच्या स्वतःच्या लोखंडी कपाटात पंचवीस-तीस घड्या पडलेल्या होत्या, आणि त्यातली एकही त्यानं आयुष्यात उघडली नव्हती. काळा दुपट्टा आहेरात चालत नाही, मिशी घडीत मावत नाही, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. पण पुण्याहून आलेल्या माणसापुढे आपण टोपी-दुपट्ट्यातले आहोत हे दाखवायची त्याला लाज वाटली. तो टॅबकडे बघत म्हणाला की साहेब लय अभ्यास करून आले आहेत.

आणखी एक गोष्ट त्यानं तिथंच सांगितली, सहज बोलल्यासारखी. कंपनीकडे भेटवस्तूंचं सुरतचं कॅटलॉग आहे. हे काम नीट झालं तर ठीक, नाहीतर पुढचं सगळं तिकडून मागवायचं असं साहेबांचं म्हणणं आहे. नीलिमाला त्याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. फुलचंदचं काम म्हणजे तिच्या दुकानाचं अर्ध्याहून जास्त काम. सिमेंटवाला, टायरवाला कधीच सुरतला गेले होते. हेही गेलं तर फ्रेमा भिंतीला टेकून उभ्या राहतील, आणि गावातले पुरुष गळ्यात काय घालतात हे इथून पुढे सुरतचा कोणी माणूस ठरवेल, ज्यानं जऊळक्याचा मांडव पाहिलेला नाही. ते काम कोणाला दिसत नव्हतं, त्यावर तिचं नाव नव्हतं. पण ते तिचं होतं, आणि तिला तेवढंच हवं होतं.

"होऊन जाईन साहेब," धम्मपाल खुर्चीतून म्हणाला. "काही टेन्शन नका घेऊ."

तिनं छापले. बाराशेच्या बाराशे. वाईट छापून सूड घेता आला असता, पण वाईट काम तिला येत नव्हतं. उलट तिनं चांगल्यातली चांगली पिवळी शाई वापरली आणि रंग पक्का व्हावा म्हणून प्रत्येक दुपट्टा एकदाच्या ऐवजी दोनदा भट्टीत शेकला. मिशी अशी बसली की सोड्यात उकळली तरी निघाली नसती. फक्त कोपऱ्यातला निळा ठिपका तिनं या वेळी ठेवला नाही. फ्रेम नजरेनं सरळ लावली.

उद्घाटन झोकात झालं. बाराशे पुरुषांनी बाराशे काळे दुपट्टे गळ्यात टाकले आणि मोबाइलवर फोटो काढून घेतले. नीलिमाला आमंत्रण होतं ते 'धम्मपालभाऊ सहकुटुंब' असं. ती दारापाशी उभी राहून बघत होती. ज्यांना मिशा होत्या ते एका हातानं मिशीला पीळ देत होते, ज्यांना नव्हत्या ते दुपट्ट्यावरची मिशी पुढे ओढून घेत होते. धीरज फोटो कंपनीला पाठवत होता. एवढे पुरुष एकाच वेळी इतके खूश झालेले तिनं कधी पाहिले नव्हते, आणि हे किती दिवस टिकणार याचा तिनं मनाशी हिशेब केला. तिचा अंदाज होता पंधरा दिवस. पुरुषांना तिनं जरा जास्तच दिवस दिले होते.

आठव्या-नवव्या दिवशी, दुपारी, रंगराव दुकानात आला. रंगराव गावाच्या कडेला माळवं पिकवायचा. मेथी, वांगी, कोबी. त्याची बायको आवडाबाई बाजारात बसून ते विकायची, आणि तो तिच्या मागे पोत्यावर बसून ओळखीच्या माणसांशी राजकारण बोलायचा. मोठा माणूस, मिशी खरोखर भरदार, आणि ती किती भरदार आहे हे त्याला पक्कं ठाऊक. घरच्या लग्नकार्यांची कार्डं वर्षानुवर्षं नीलिमाकडून छापून न्यायचा, म्हणून तिला 'पोरी' म्हणायचा. तो आला आणि त्यानं काळा दुपट्टा काउंटरवर टाकला. मालक कुठी हायेत असं त्यानं विचारलं नाही.

"हे तू छापलं का, पोरी?"

"म्या छापलं. सांगतलं फुलचंदभाऊनं."

तो स्टुलावर बसला. पाणी प्यायला. मग त्यानं जे सांगितलं ते असं. मुलीची, राधिकाची, सोयरीक केनवडला बघत होते. पहिल्यांदा घर बघायला म्हणून तो, त्याचा भाऊ आणि आवडाबाई गेले. चांगला धुतलेला सदरा, पांढरं धोतर, आणि वर नवा काळा दुपट्टा. रुबाबदार दिसतो म्हणून. केनवडच्या लोकांनी ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. मुलाच्या बापानं रंगरावच्या गळ्याकडे बघितलं, मिशी वाचली, कंपनी वाचली, फुलचंद वाचलं. चेहरा एकदम खुलला. म्हणाला, बरं झालं तुमी आले. उठून आत गेला आणि घरातला फवारणीचा पंप घेऊन आला. फवारा धरत नव्हता. पंप रंगरावपुढे ठेवला, जवळ एक स्क्रू-ड्रायव्हर ठेवला, आणि खाली वर्तमानपत्र अंथरलं.

रंगरावला आधी समजलंच नाही. मग समजलं. त्याच्या भावालाही समजलं. आवडाबाईला सगळ्यात आधी समजलं होतं आणि तिनं पदर तोंडाला लावला होता. आता आपण पंपवाल्याचा गडी नाही, पन्नास वाफ्यांचे मालक आहोत, हे त्या ओसरीवर कसं सांगावं. सांगितलं तर मुलाचा बाप शरमिंदा होणार, सोयरीक बिनसणार. न सांगावं तर पंप समोर. बाजारात तर आधीच दोघातिघांनी त्याला गॅरंटी किती महिन्यांची म्हणून विचारलं होतं. तेव्हा त्यानं शिव्या घातल्या होत्या. पोरीच्या सासरी शिव्या घालता येत नाहीत.

"मंग काय केलं?" नीलिमानं विचारलं.

"काय करन? सदऱ्याच्या बाह्या वर केल्या."

"झाला का दुरुस्त?"

रंगरावनं पाण्याचा रिकामा पेला काउंटरवर ठेवला. "झाला," तो म्हणाला. "नोझलमधी कचरा होता."

ती हसली नाही. हसली असती तर तो उठून गेला असता, आणि त्याचा अपमान हा त्या सगळ्या बाराशे दुपट्ट्यांतून निघालेला पहिला उपयोगी माल होता. तिनं चहा सांगितला. त्यानं विचारलं, ही मिशी निघत कशी नाही. आवडाबाईनं तीनदा सोड्यात भिजू घातली. आता ती म्हणते, मेथीत बुजगावण्याला घालू. गल्लीतल्या चौघांनी तेच केलं आहे.

"पाखरं भेते का?" नीलिमानं विचारलं.

"काय भेते. मिशीवर येऊन बसते."

पंप दुरुस्त झाल्यावर केनवडच्या माणसानं काय म्हटलं, हेही त्यानं सांगितलं. म्हटलं, हात चांगला आहे तुमचा, पोरगीही कामसू असन. दुसरी बैठक पुढच्या आठवड्यात होती. जाताना त्यांच्यासाठी काय न्यावं हा प्रश्न होता, कारण आता टोपी-दुपट्टा न्यायचा तर कपाटातल्या घड्या भावाच्या घरच्या लग्नात संपल्या होत्या.

नीलिमानं काउंटरवरची पांढरी घडी उचलली. रोज सकाळी उघडून मिटलेली, वर्षानुवर्षं फुलचंदच्या कामाचा नमुना म्हणून ठेवलेली, म्हणून कापड मऊ झालेलं, पण घडी पात्यासारखी धारदार. तिनं वर एक कोरी टोपी ठेवली आणि ती रंगरावच्या हातात दिली.

"घडी मोडू नका काका. तशीच द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शटर अर्धं वर केलं, वाकून आत गेली, आणि हात सवयीनं खिळ्याकडे गेला. खिळा रिकामा होता. तिनं कपाटातून कोरा दुपट्टा काढला. त्यावर काही छापलेलं नव्हतं, तरी तिनं तो उघडला आणि मिटला.

दिवाळी होईपर्यंत गावात काळा दुपट्टा माणसाच्या गळ्यात दिसेनासा झाला. पुरुष कोणाच्याही फुकटच्या वस्तूला नाही म्हणणार नाही, पण कोणाचा तरी गडी समजलं गेलेलं त्याला चालत नाही. हा सरळ हिशेब पुण्याच्या अभ्यासात राहून गेला होता. दुपट्टे ट्रॅक्टरच्या सीटखाली गेले, मोटारीवर पावसापाण्याचं झाकण म्हणून बांधले गेले, आणि गावाच्या चारी बाजूंनी वाफ्यावाफ्यांतून पिवळ्या मिशीची बुजगावणी उभी राहिली. मिशी उन्हात, दवात तशीच झळकत होती. रंग कुठेच उडाला नव्हता. धीरजची बदली झाली, असं धम्मपाल सांगत होता. बदली वरच्या जागेवर झाली होती. त्यानं पाठवलेले फोटो कंपनीत सगळ्यांना आवडले होते.

तुळशीची लग्नं लागली आणि लग्नसराई तोंडावर आली, तेव्हा फुलचंद सकाळी दहा वाजता दुकानात आला. धम्मपाल दारव्ह्याच्या फेरीवर होता, आणि फुलचंदला ते माहीत होतं, कारण स्टँडवर तोच त्याला हात करून आला होता. तो पायरीवर थांबला, मग आत आला. गोल खुर्ची रिकामी होती. तिच्यात बसावं की नाही हे त्याला ठरवता येईना, म्हणून तो स्टुलावर बसला.

त्यानं इकडचं तिकडचं बोलून घेतलं. शोरूम चांगलं चाललंय म्हणाला, चालत नव्हतं. नवीन गिऱ्हाईक येतं म्हणाला. मग आपणहून एक गोष्ट सांगितली. परवा केनवडचा एक माणूस आला होता, दोन भावांना घेऊन. तीन पंप घेऊन गेला. कोणी पाठवलं विचारलं, तर पिशवीतून पांढरा दुपट्टा काढून दाखवला. आपलाच, जुना. व्याह्यानं आहेरात दिला म्हणे. घरी उघडला तर आत पत्ता.

"म्हणजे नाव अजून पोचून राह्यलं पाहा," फुलचंद म्हणाला. ही पुण्याई कोणाची, हे या वेळी त्यानं सांगितलं नाही.

नीलिमा फ्रेमवर कापड ताणत होती. केनवडचा माणूस कोण, व्याही कोण, ती घडी कुठून गेली, हे तिला माहीत होतं. तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रंगरावनं ओसरीवर पंप दुरुस्त केल्याचंही निघालं असतं आणि फुलचंदनं ती हकीकत चार दुकानांत सांगितली असती.

"वहिनी," तो म्हणाला, "पयल्यासारखेच पाह्यजे. पांढरे. लग्नसराईच्या आंधी."

"साहेबाचा नियम हाय ना वीस फुटाचा."

"साहेब गेले आता."

"अन् सुरत?"

फुलचंदनं काउंटरवरची किल्ली उचलली, ठेवली. नीलिमानं कापड ताणून झालं तसे हात धुतले, पुसले आणि एक पांढरा दुपट्टा, छापलेला पण न मिटलेला, त्याच्यासमोर पसरला. मागच्या पांढऱ्या दुपट्ट्यांच्या कामातला उरलेला. म्हणाली, घाला घडी.

त्याला वाटलं ती थट्टा करते आहे. पण ती उभी होती. त्यानं घडी घातली; नाव वर आलं. तिनं मान हलवली. त्यानं पुन्हा घातली. नाव बाजूनं अर्धं दिसू लागलं. तीस घड्या कपाटात बाळगणाऱ्या माणसाला एक घालता येत नव्हती, कारण आयुष्यात त्यानं एकही उघडली नव्हती. तिसऱ्या वेळी तिनं त्याच्या हातातून कापड घेतलं नाही, फक्त बोटानं दाखवलं. आधी लांबीत एक, मग आडव्या तीन. त्यानं केलं. नाव आत गेलं. बाहेर फक्त पांढरं कापड राहिलं, आणि कोपऱ्यात तिळाएवढा निळा ठिपका.

"हे काय?" त्यानं ठिपक्यावर बोट ठेवून विचारलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

"माहं हाय ते," नीलिमा म्हणाली. "राहू द्या. अन् भाऊ, कापड, अक्षर, किती कुठी, काय ठरवाचं असन ते सकाळी येऊन माह्याशी ठरवा. संध्याकाळी मालकाले विचारू नका. त्यायले त्यातलं काही समजत नाई."

फुलचंदनं गोल खुर्चीकडे बघितलं, मग तिच्याकडे. बरं, म्हणाला. एवढ्या वर्षांत तो तिच्याशी एकदाही इतकं कमी बोलला नव्हता. घडी दोन्ही हातांत धरून, मोडू नये म्हणून जरा जपूनच, तो उठला आणि पायरी उतरला. रस्त्यावरून दर्ग्याकडे जाणारी माणसं होती, स्टँडकडे जाणारी होती. त्याच्या हातातलं पांढरं कापड बघून दोघांनी विचारलं, कोणाचं लग्न आहे जी.

नीलिमा दारापर्यंत आली होती. तिचे हात अजून ओले होते.

"भाऊ," ती म्हणाली, "ते काळे दुपट्टे उरले असन तं पाठवून द्याजा. फ्रेमा पुसाले लागते."